कवितेतले शब्द आणि आपले शब्द

(मिशनच्या हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात वालचंदनगर येथे झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या मराठी कवितेतले शब्द आणि विषय यांबद्दल एका वाचकानं बोलावं, असं मला सांगण्यात आलं आहे. मी कवी नाही आणि समीक्षकही नाही. वाचनालयातून पुस्तक आणायचं, वाचायचं, आवडलं तर पुन्हा आणायचं, एवढाच माझा कवितेशी संबंध. त्यामुळे वाचणाऱ्याला जे जाणवतं ते सांगेन. शेवटी आपल्या या त्रैमासिकात आदिवासी बांधवांविषयी आपण कोणते शब्द वापरतो, त्याबद्दलही थोडं बोलेन. विषय कवितेचा असला तरी मला पोचायचं आहे ते तिथंच.

आजच्या कवितेविषयी आपण सगळेच तीन तक्रारी ऐकतो. पहिली, शब्द कळत नाहीत. दुसरी, शब्द शोभत नाहीत, चारचौघांत वाचता येत नाहीत. तिसरी, विषय सगळे दुःखाचे. कविता वाचून मन प्रसन्न व्हावं ते होत नाही. या तिन्ही तक्रारी प्रामाणिक आहेत. त्या करणाऱ्या माणसांना कविता आवडत असते, म्हणूनच ती तक्रार करतात. तेव्हा त्यांना उडवून न लावता एकेक तक्रार पाहू.

शब्द न कळण्याचं म्हणाल, तर आपल्याला फार लांब जायला नको. इथून जवळच, बारामतीत, अठराव्या शतकात मोरोपंत राहत होते. जन्म १७२९चा, मृत्यू १७९४चा. एका माणसानं एकशे आठ रामायणं लिहिली. त्यातलं एक ‘निरोष्ठ रामायण’. ओठाला ओठ लागेल असं एकही अक्षर त्यात घ्यायचं नाही, म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरं वर्ज्य. आता ‘म’च नाही म्हटल्यावर ‘राम’ हा शब्दही आला नाही! रामाचं नाव न घेता रामायण सांगायचं, अशी त्या माणसाची शब्दांवर हुकमत. मोरोपंतांची आर्या वाचायला बसलं की आजच्या वाचकाला दर ओळीला अडखळायला होतं. संस्कृत शब्द, लांब समास, यमकं. पण म्हणून मोरोपंतांना कुणी नावं ठेवतो का? नाही. आपण म्हणतो, ‘आपलं संस्कृत कच्चं आहे,’ आणि शब्दकोश उघडतो.

उलट एखाद्या कवितेत पाड्यावरचा, वस्तीवरचा, कारखान्यातल्या पाळीवरचा शब्द आला आणि तो कळला नाही, तर आपण काय म्हणतो? ‘ही काय भाषा झाली?’ म्हणजे वरून आलेला शब्द कळला नाही तर दोष आपला, आणि खालून आलेला शब्द कळला नाही तर दोष कवीचा. अडचण दोन्हीकडे एकच आहे, शब्द माहीत नसण्याची. मग न्याय दोन तऱ्हेचा का? माझ्या मते पहिल्या तक्रारीची सगळी मेख इथं आहे.

याच भागातून दरवर्षी तुकोबारायांची पालखी जाते. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर. बेलवाडीचं रिंगण पाहायला इथल्या घराघरांतून माणसं जातात. तुकोबांचे शब्द दुकानातले, शेतातले, चुलीजवळचे. ज्या आजीला अक्षर ओळखता येत नाही तिला त्यांचे अभंग तोंडपाठ असतात. त्यांच्या काळात मात्र या शब्दांना मान नव्हता. त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्याची कथा आपण सांगतो, तिचा अर्थ हाच की या भाषेत, या माणसानं असं काही बोलावं हेच काहींना मान्य नव्हतं. आज गाथा प्रमाण आहे. तेव्हा आज ज्या शब्दांना आपण नाक मुरडतो, त्यांच्याविषयी निकाल देण्याची घाई करू नये.

अलीकडच्या काळात या. बा. सी. मर्ढेकरांचं ‘काही कविता’ हे पुस्तक १९४७ साली आलं. यंत्रांचे शब्द, शहरातल्या गर्दीचे शब्द, सरळ इंग्रजी शब्द त्यांनी ओवी-अभंगाच्या चालीत आणून बसवले. लोक बिचकले. पुस्तकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि त्यातून मर्ढेकर निर्दोष सुटले. वालचंदनगरसारख्या गावात, जिथं साखर कारखाना आणि यंत्रनिर्मितीचे वर्कशॉप यांच्या भोंग्यावर घरातली घड्याळं लावली गेली, तिथं तरी मर्ढेकरांचे यंत्राचे शब्द परके वाटायला नकोत. लेथ, बॉयलर, वेल्डिंग, फोरमन हे शब्द इथल्या तीन पिढ्यांच्या जेवणाच्या ताटावर बोलले गेले आहेत. माणूस जे शब्द दिवसभर बोलतो ते त्याच्या कवितेत आले, तर त्यात बिघडलं काय?

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. खानदेशातल्या असोद्याच्या या बाईंना लिहितावाचता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात गाणी रचत. ती घरातल्यांनी टिपून ठेवली. त्या १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. त्या गाण्यांतली बोली जर कुणी ‘शुद्ध’ करून छापली असती, तर आज आपल्या हाती काय राहिलं असतं? बोलीसकट छापली म्हणून बहिणाबाई राहिल्या.

आता दुसरी तक्रार, शब्द न शोभण्याची. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला. मुंबईतल्या त्या वस्तीतले शब्द त्यात जसेच्या तसे आहेत. पुस्तकाला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर म्हणजे मराठी भाषेवर केवढी पकड असलेला लेखक. त्यांनी त्या प्रस्तावनेत काय केलं, तर आपल्याला न कळलेले शब्द ढसाळांना विचारले, त्यांच्याबरोबर त्या वस्तीत फिरून पाहिलं आणि हे सगळं मोकळेपणानं लिहिलं. वाचकानं कसं वागावं याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. शब्द कळला नाही तर विचारावं, आणि तो जिथं राहतो तिथं जाऊन यावं. त्यानंतरही कविता आवडली नाही तर तसं म्हणण्याचा हक्क आपल्याला आहेच.

शोभण्याविषयी एक प्रश्न मी स्वतःला विचारतो. मला खटकतंय ते त्या शब्दामुळे, की तो शब्द ज्या गोष्टीचं नाव आहे त्या गोष्टीमुळे? इथलं उदाहरण घ्या. गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या शिवारात टोळ्या येतात. त्यांच्या बोलण्यात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. कोयत्यामागे मुकादम ‘उचल’ देतो, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि ती फिटेपर्यंत तोड करायची. आता कुणी कवितेत ‘अर्धा कोयता’ असं लिहिलं, तर ऐकायला बरं वाटणार नाही. बाईमाणसाला अवजारानं मोजायचं म्हणजे काय! पण तो शब्द कवीनं बनवलेला नाही. तो व्यवहारातून आलेला आहे, आपल्या डोळ्यांदेखत रोज वापरला जातो. कवीनं फक्त तो आपल्या कानाशी आणून ठेवला. खटकायला हवा तो व्यवहार.

तिसरी तक्रार दुःखाची. इथं मी तक्रार करणाऱ्यांच्या थोडा बाजूचा आहे. आजच्या पुष्कळशा कवितेत काही शब्द इतके झिजले आहेत की वाचताना त्यांचा आवाजच येत नाही. ‘वेदना’, ‘आक्रोश’, ‘टाहो’, ‘अंधार’, ‘व्यवस्था’, ‘ज्वालामुखी’. पानापानावर हेच. पूर्वीच्या कवितेत चंद्र, चांदणं आणि पारिजात जसे हुकमी येत, तसेच आता हे येतात. दुःख खरं असेल, पण शब्द उसना असेल, तर वाचकाला दुःख दिसत नाही, फक्त शब्द दिसतो. ‘आमचं शोषण झालं’ या वाक्यानं मला काही होत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांकडे ‘लग्नगडी’ हा शब्द होता. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोनं वर्षानुवर्षं त्याच्याकडे राबायचं, त्या माणसाला लग्नगडी म्हणत. १९४५च्या वारल्यांच्या लढ्यानं ज्या प्रथांवर घाव घातला, त्यातली ही एक. ‘लग्नगडी’ या एका शब्दात मंडप आहे, हळद आहे आणि बेडीही आहे. ‘शोषण’ या शब्दात यातलं काहीच दिसत नाही. म्हणून दुःखाच्या कवितेविषयी माझी अपेक्षा एवढीच, की शब्द कवीच्या घरचा असावा.

हे आपल्या मिशनच्या परंपरेत कुणाला नवं वाटू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या आधी आपल्या उपासनेत परक्या चालींवर बसवलेली भाषांतरित गीतंच पुष्कळ होती. टिळकांनी अभंग, ओवी, भजन हे इथल्या माणसाच्या ओठांवरचे प्रकार घेतले आणि त्यांत आपली भक्ती गायली. आजही ती गीतं आपण म्हणतो. ज्याला सांगायचं त्याच्या बोलण्यात सांगितलं तरच ते आत उतरतं, हे टिळकांना कळलं होतं. पण त्यात एक पायरी अजून बाकी राहते. त्याच्या बोलण्यात आपण सांगितलं. त्यानं आपल्या बोलण्यात आपल्याला सांगितलं का?

इथून मी आदिवासी कवींकडे येतो.

मराठी कवितेत आदिवासी पूर्वीही येत होता. पण तो बहुधा रानाच्या चित्रातला एक भाग म्हणून. झरा, मोर, पळस आणि तशीच एक आदिवासी मुलगी. गेल्या काही दशकांत तो स्वतः बोलायला लागला. वाहरू सोनवणे हे नंदुरबारकडचे भिल्ल समाजातले कवी. त्यांच्या संग्रहाचं नाव ‘गोधड’. जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून घरातली बाई शिवते ती गोधड. नावातच घर आहे. १९९० साली पालघरला भरलेल्या आदिवासी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ‘स्टेज’ ही त्यांची कविता पुष्कळांनी वाचली असेल. वर चढलेली माणसं खाली बसलेल्यांना त्यांच्याच दुःखाची माहिती देत राहतात, असा तिचा विषय. नाव पाहा. ‘व्यासपीठ’ नाही, ‘रंगमंच’ नाही, ‘स्टेज’. सभेला नेऊन बसवलेल्या माणसाच्या कानावर जो शब्द पडतो तोच. आज मी स्टेजवरून बोलतो आहे आणि आदिवासी विद्यार्थी समोर खाली बसले आहेत, तेव्हा ही कविता मला सोयीची नाही. चांगली कविता बऱ्याचदा सोयीची नसते.

भुजंग मेश्राम यवतमाळकडचे, गोंड समाजातले. त्यांच्या १९९०च्या संग्रहाचं नाव ‘उलगुलान’. हा शब्द मराठी नाही, गोंडीही नाही. तो मुंडारी आहे. छोटा नागपुरात बिरसा मुंडांनी १८९९-१९०० मध्ये इंग्रज सत्तेविरुद्ध जो लढा उभारला, त्याला त्यांच्या लोकांनी दिलेलं हे नाव. जून १९००मध्ये रांचीच्या तुरुंगात बिरसांचा मृत्यू झाला. आता विचार करा, मराठीत ‘बंड’ हा शब्द आहे, ‘उठाव’ आहे. मग कवी इतक्या लांबून शब्द का आणतो? मला वाचक म्हणून असं वाटतं, की ‘बंड’ हा शब्द राज्य करणाऱ्याच्या बाजूनं पाहिलेला आहे. ज्याच्याविरुद्ध उठलो त्यानं ठेवलेलं नाव आपण का घ्यायचं? यवतमाळचा गोंड कवी रांचीकडच्या मुंडांचा शब्द घेतो, तेव्हा तो आपले नातेवाईक कोण तेही सांगतो. एका शब्दाच्या निवडीत एवढं काही असतं. उषाकिरण आत्राम यांच्या संग्रहाचं नाव ‘म्होरकी’. पुढं चालणारी बाई. प्रमाण भाषेत ‘म्होरक्या’ हा शब्द आपण टोळीच्या पुढाऱ्यासाठी, थोड्या हिणवण्याच्या सुरात वापरतो. त्यांनी तो बाईला दिला आणि मानानं दिला.

नावांचा हा प्रश्न पुस्तकापुरता नाही. आपल्याच इंदापूर-बारामतीच्या माळावर पारधी वस्त्या आहेत. १८७१च्या कायद्यानं इंग्रजांनी अनेक जमातींना जन्मानंच ‘गुन्हेगार’ असं नाव दिलं. तो शिक्का कायद्यातून १९५२ साली पुसला गेला. बोलण्यातून पुसला गेला आहे का, हे ज्यानं त्यानं आपल्या गावातल्या पारावर बसून ऐकावं. कातकरी हे नाव कात करण्याच्या धंद्यावरून पडलं. जंगल गेलं, कात गेला, आणि रायगडकडची कातकरी कुटुंबं घाट चढून देशावर कोळसाभट्ट्यांवर येऊ लागली. नाव कामाचं, आणि कामच राहिलं नाही.

आता आपल्या त्रैमासिकाविषयी. अंकात आपण काही शब्द सवयीनं वापरतो. ‘अडाणी पालक’, ‘निरागस आदिवासी’, ‘अंधारात चाचपडणारा समाज’, ‘मुख्य प्रवाहात आणणे’, ‘लाभार्थी’. हे शब्द वाईट हेतूनं येत नाहीत, हे मी जाणतो. त्यांमुळे वाचणाऱ्याच्या मनाला पाझर फुटतो, देणगी येते आणि त्या देणगीवर वसतिगृहाची चूल पेटते. हे शब्द काढले तर देणगी कमी होईल, ही भीतीसुद्धा खोटी नाही. तरी मी म्हणतो की ते काढावेत. याचं कारण साधं आहे. पूर्वी आपण ज्यांच्याविषयी लिहीत होतो त्यांना वाचता येत नव्हतं. आता आपल्याच शाळांमुळे त्यांची मुलं वाचतात. हा अंक वसतिगृहाच्या टेबलावर असतो. सातवीतली मुलगी तो उघडते आणि तिच्या आईविषयी छापलेलं वाचते: ‘अडाणी’.

ती आई अडाणी आहे का? पावसाळ्याच्या तोंडाशी शेवळं कुठं उगवतात हे तिला कळतं. काकडं घातल्याशिवाय त्या भाजीनं घशाला खाज सुटते, हे तिला कुणी शाळेत शिकवलेलं नाही. कोणता कंद किती उकळला की त्याचा कडूपणा जातो, कोणत्या झाडाची साल कशाला लावावी, हे सगळं ती जाणते. या प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे शब्द आहे. त्यातले कितीतरी शब्द आपल्या मराठी शब्दकोशात नाहीत. मग शब्दांच्या बाबतीत गरीब कोण?

हेच शब्द घेऊन तिचं मूल पहिलीत येतं आणि तिथं ते ‘चुकीचे’ ठरतात. घरी भिली, पावरी, कातकरी, गोंडी. वर्गात पुस्तकी मराठी. मूल गप्प बसतं आणि शिक्षकांना वाटतं की त्याला येत नाही. शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्यात, शक्य असेल तिथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून व्हावं, असं लिहिलेलं आहे. २०११च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे एक कोटी पाच लाख. एवढ्या लोकांच्या मुलांनी शाळेत पाऊल ठेवताच पहिली गोष्ट कोणती शिकावी? आपले शब्द दाराबाहेर ठेवायचे, ही? कवितेतला परका शब्द पाहून आपण मोठी माणसं बिचकतो. ते मूल तर रोज सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत परक्या शब्दांत बसतं. त्याच्या जागी आपण दोन दिवसही टिकणार नाही.

म्हणून मिशनच्या समितीपुढं तीन सूचना ठेवतो. एक, प्रत्येक अंकात एक पान मुलांच्या स्वतःच्या बोलीला द्यावं. गाणं, म्हण, कोडं, आजीची गोष्ट, काहीही. छपाई देवनागरीत, बाजूला मराठी अर्थ. त्यातली भाषा कुणी ‘सुधारू’ नये. दोन, ज्या माणसाविषयी किंवा कुटुंबाविषयी आपण लिहू, त्याला छापण्याआधी ते वाचून दाखवावं. त्याला न पटलेला शब्द काढून टाकावा. फोटोलाही हाच नियम. तीन, सुट्टीत घरी जाणाऱ्या मुलांना एकेक कोरी वही द्यावी. म्हाताऱ्या माणसांकडून रानभाज्यांची, पक्ष्यांची, अवजारांची, नात्यांची नावं लिहून आणावीत. पाच वर्षं हे केलं तर एक छोटा शब्दकोश तयार होईल, आणि तो करणारी मुलंच त्याचे संपादक असतील. यात खर्च म्हणाल तर वह्यांचा आणि एका पानाचा.

देणगीदार बंधुभगिनींनाही एक विनंती आहे. अंकात दयेचे शब्द कमी दिसले, तर काम कमी झालं असं समजू नका. किती मुलं शिकतात, किती खर्च होतो, काय जमलं आणि काय जमलं नाही, हे सरळ शब्दांत मागा. ते तुम्हाला मिळायलाच हवं.

कवितेनं आपल्याला काही शिकवायचं असेल तर ते हेच, की शब्द उचलताना तो कुणाच्या घरचा आहे हे पाहावं, आणि तो कुणाला लागेल हेही. वसतिगृहातल्या मुलांनो, तुमच्यापैकी कुणी कविता लिहीत असेल तर ‘वेदना’, ‘आक्रोश’ यांच्या मागं लागू नका. आईच्या तोंडचा एखादा शब्द घ्या, जो सरांना माहीत नाही. सर अर्थ विचारतील. तेव्हा तुम्ही शिकवाल आणि आम्ही शिकू.

पुढच्या अंकाचं शेवटचं पान संपादकांनी मोकळं ठेवलं आहे, असं मला आताच कळलं. ते कोण भरणार याची मी वाट पाहतो आहे.